विद्यापीठीय कराटे-मंडळ आणि नवागत विद्यार्थी

जपानमधील विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष एप्रिल महिन्यात सुरू होते. ह्याच सुमारास निरनिराळी विद्यार्थि-मंडळे नवागतांना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करीत असतात व त्यांत कराटेचे मंडळ बहुधा असतेच. ह्या मंडळात नाव घालणारा विद्यार्थी थोड्याच आठवड्यांत एका विलक्षण शिस्तीत सापडतो. तो पांढरा पोशाख व पांढरा पट्टा धारण करतो, सरावगृहाची लाकडी जमीन ओल्या फडक्याने पुसतो, आपल्याहून एकच वर्ष आधी आलेल्या मुलास वाकून नमस्कार करतो आणि मोजणीच्या तालावर शेकडो वेळा हवेत ठोसा मारतो. ही सारी शिस्त अतिप्राचीन असून सामुराईंच्या अगर बौद्ध मठांच्या परंपरेतून अखंड चालत आलेली आहे, अशी त्याची समजूत असते. आणि ती समजूत दृढ करणाऱ्या ज्येष्ठांना त्याच्याहून फारसे अधिक ठाऊक असते असे नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, ह्या शिस्तीचा बराच मोठा भाग आधुनिक आहे व तो मुख्यतः विद्यापीठ ह्या संस्थेनेच घडविला आहे. हा प्रश्न केवळ इतिहासजिज्ञासेचा नव्हे. नवागताने काय सोसावे आणि काय सोसू नये, ह्याचा निर्णय त्याच्याशी निगडित आहे.

ओकिनावा बेटावर ही विद्या पूर्वी 'ते', म्हणजे नुसता 'हात', किंवा 'तोदे', म्हणजे चिनी हात, ह्या नावांनी ओळखली जाई. तेथे तिला मंडळ नव्हते, गणवेश नव्हता व श्रेणीही नव्हती. एक शिक्षक, दोनचार शिष्य, घरामागचे अंगण आणि बहुधा रात्रीची वेळ, असे तिचे स्वरूप होते. पुढे टोकियोस गेलेले फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे तरुणपणी आपले गुरू आझातो ह्यांच्या अंगणात रात्री दिव्याच्या उजेडात एकच 'काता' महिनोन्महिने गिरवीत असत. काता म्हणजे ठरावीक क्रमाने बांधलेल्या चालींचा संच. गुरू बसून पाहत व क्वचित एखादा शब्द बोलत. अशा शिक्षणाची गती शिष्याच्या शरीरावर अवलंबून असते; वर्षाची किंवा तुकडीची तेथे गरजच पडत नाही.

ह्या पद्धतीत पहिला मोठा बदल शाळेने केला. इतोसु आन्को (१८३१–१९१५) ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या ओकिनावातील शाळांत नेली. मुलांना झेपतील असे 'पिनान' नावाचे पाच काता त्यांनी रचले व रांगेत उभ्या असलेल्या वर्गाला एकाच वेळी शिकविता येईल अशी मांडणी केली. १९०८ मध्ये शिक्षणखात्यास उद्देशून त्यांनी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, ही विद्या कन्फ्यूशियसच्या अगर बुद्धाच्या मार्गातून निघालेली नाही, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. दुसरी अशी की, अध्यापक-विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकांमार्फत तिचा प्रसार दहा वर्षांत साऱ्या देशभर होऊ शकेल, असा हिशेब त्यांनी मांडला. गुप्तविद्येची ही भाषा नव्हे. ती शिक्षणाधिकाऱ्याच्या टिपणाची भाषा आहे.

फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. १९२२ च्या मे महिन्यात टोकियोत शिक्षणमंत्रालयाने भरविलेल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात त्यांनी ह्या विद्येचे प्रात्यक्षिक केले आणि मग ते तेथेच राहिले. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ओकिनावाहून शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात त्यांना खोली मिळाली व तिच्या मोबदल्यात ते पहारा, झाडलोट अशी कामे करीत. ज्या गृहस्थाच्या नावाने आज नवागतांकडून जमीन पुसून घेतली जाते, तो स्वतः विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडीत होता, ही गोष्ट मंडळांतून क्वचितच सांगितली जाते.

१९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिले विद्यापीठीय कराटे-मंडळ स्थापन झाले. तेथील जर्मन भाषेचे एक अध्यापक फुनाकोशींचे शिष्य झाले होते व त्यांच्या खटपटीने हे घडले. लौकरच टोकियो, वासेदा, ताकुशोकु इत्यादी विद्यापीठांतूनही अशी मंडळे निघाली. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात १९३० च्या सुमारास यामागुची गोगेन ह्यांनी निराळ्या संप्रदायाचे मंडळ उभे केले. त्याच १९२४ साली फुनाकोशींनी आपल्या पहिल्या शिष्यांना 'दान', म्हणजे श्रेणी, बहाल केल्या. ही पद्धती ओकिनावाची नव्हे. ती ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो ह्यांच्याकडून आलेली आहे, आणि कानोंनीही ती 'गो' ह्या पटावरील खेळातील जुन्या श्रेणींवरून १८८३ मध्ये उचललेली होती. कानो हे टोकियो विद्यापीठाचे पदवीधर व पुढे उच्च अध्यापक-विद्यालयाचे प्रमुख, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पांढरा पोशाख ज्यूदोच्याच धर्तीवर सिद्ध झाला. पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांमधले रंगीबेरंगी पट्टे त्याहूनही अलीकडचे असून त्यांचा उगम युरोपातील ज्यूदोवर्गांत आहे. सारांश, नवागत जो पट्टा इतक्या भक्तिभावाने बांधतो, त्याचे वय विद्यापीठीय पदव्यांच्या आधुनिक पद्धतीहून अधिक नाही. किंबहुना दोहोंमागील कल्पना एकच आहे.

नावाची कथा तर ह्याहून बोलकी आहे. 'कराटे' ह्या शब्दाचे पहिले अक्षर चीनच्या थांग राजकुलाचे द्योतक होते. त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर घातले की 'रिकामा हात' असा अर्थ होतो. हा पर्याय ओकिनावात १९०५ मध्येच एकाने वापरला होता. तथापि केइओच्या मंडळाने १९२९ मध्ये तो जाहीरपणे स्वीकारला व त्यास बौद्ध विचाराचा आधार दिला. हे अक्षर म्हणजे आपल्या प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातील 'शून्यता' ह्या पदाचे चिनी-जपानी भाषांतर होय. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या वाचकास ह्यात सहज कौतुक वाटेल. परंतु ते जपून केले पाहिजे. इतोसुंनी जिचा बुद्धमार्गाशी संबंध नाकारला, त्या विद्येला एकवीस वर्षांनी महाविद्यालयीन तरुणांनी शून्यवादाचे नाव दिले, आणि पुढच्या पिढीने ते नाव मूळचेच मानले. १९३६ मध्ये नाहा येथे भरलेल्या ओकिनावाच्या आचार्यांच्या बैठकीतही हाच शब्द मान्य झाला. जपानमधील त्या काळातील वाढता राष्ट्रवाद व चीनविषयीचा दुरावा ह्यांचाही ह्या नामांतराशी संबंध आहे, हे उघड आहे. पिनानचे 'हेइआन' झाले, तेही ह्याच लाटेत.

येथवर सांगितलेल्या गोष्टी बाह्यांगाच्या म्हणता येतील. विद्यापीठाचा खरा परिणाम निराळ्याच ठिकाणी झाला, तो कालमर्यादेत. विद्यार्थी चार वर्षांसाठी येतो व निघून जातो. आपल्याकडील तालमीत वस्ताद तोच राहतो आणि पठ्ठे बदलत जातात. विद्यापीठीय मंडळात मुख्य आचार्य अधूनमधून येतात. रोजचे शिक्षण तृतीय व चतुर्थ वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे, विशेषतः त्यांनी नेमलेल्या कर्णधाराकडे असते. म्हणजे पंचवीसतीस नवागतांना शिकविणाऱ्याचा स्वतःचा अनुभव जेमतेम तीन वर्षांचा. असा शिक्षक काय शिकवू शकेल? चाल कशी दिसावी हे तो दाखवू शकेल. ती तशी का आहे हे त्यास बहुधा सांगता येणार नाही. एखाद्याच्या खांद्याचा दोष नेमका कोठून उद्भवतो हे ओळखण्यास जी नजर लागते, ती तीन वर्षांत येत नाही. मग उरते काय? संख्या, वेग आणि आवाज. ज्ञानाची उणीव श्रमाने भरून काढली जाते. हजार लाथा, गुडघे वाकवून अर्धा तास निश्चल उभे राहणे, उन्हाळ्यातील निवासी शिबिर, जानेवारीतील पहाटेचा थंडीतला सराव, ह्या सर्वांमागे हे एक साधे गणित आहे. त्यात १९२५ पासून जपानच्या माध्यमिक व उच्च शिक्षणसंस्थांत लष्करी अधिकारी नेमले जाऊ लागले आणि कवायत हे तरुणांच्या शरीरशिक्षणाचे सर्वमान्य रूप होऊन बसले. एकाने मोजावे व सर्वांनी एकदम हालावे, ही सरावाची तऱ्हा झेन मठापेक्षा कवायतीच्या मैदानाला अधिक जवळची आहे.

ज्येष्ठतेचा नियमही वर्षावरच बेतलेला आहे. 'सेनपाई' म्हणजे आधी आलेला, 'कोहाई' म्हणजे मागाहून आलेला. कौशल्य किंवा वय येथे गौण ठरते. प्रवेशपरीक्षेत एकदोनदा अपयश येऊन उशिरा दाखल झालेला एकवीस वर्षांचा विद्यार्थी एकोणीस वर्षांच्या द्वितीय वर्षीयास नमतो. शाळेत असतानाच काळा पट्टा मिळविलेला नवागतही रांगेत शेवटी उभा राहतो. मानवशास्त्रज्ञ नाकाने चिए ह्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जपानी समाजाच्या ज्या 'उभ्या' रचनेचे विवेचन केले, तिचे विद्यार्थि-मंडळ हे एक चोख उदाहरण आहे. (ह्या विदुषींनी ईशान्य भारतातील गारो व खासी समाजांचाही अभ्यास केला होता, आणि जातिव्यवस्थेशी केलेली तुलना त्यांच्या विवेचनात वारंवार डोकावते.) त्यांच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली व ती बव्हंशी योग्य आहे, परंतु मंडळापुरते त्यांचे निरीक्षण अद्यापि उपयुक्त वाटते.

अशा व्यवस्थेतही नवागत काहीतरी शिकतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. ते काय, हे पाहण्यासाठी सरळ ठोशाचेच उदाहरण घेऊ. मूठ कमरेजवळ, तळवा वर. तेथून ती सरळ रेषेत पुढे जाते व शेवटच्या टप्प्यात उलटते. त्याच क्षणी दुसरी मूठ तितक्याच वेगाने कमरेकडे ओढली जाते. वर्णन एवढेच आहे. प्रत्यक्षात नवशिक्याचा खांदा वर उचलला जातो, कोपर बरगडीपासून सुटते, मनगट लवते, आणि हाताचे सर्व स्नायू आरंभापासूनच ताठरतात. हा शेवटचा दोष सर्वांत चिवट असतो. हात सरळ करणारे स्नायू काम करीत असता वाकविणारे स्नायूही आवळले गेले, तर मनुष्य स्वतःच्याच ठोशाला लगाम घालतो. जोर लावतो आहे असे त्यास वाटते खरे; परंतु तो जोर आपसांत झगडण्यात खर्च होत असतो. बळ येते ते मागच्या पायाने जमिनीस दिलेल्या रेट्यातून. कंबर ते वळविते, खांदा ते पुढे देतो, आणि हात सैल असेल तरच ते मुठीपर्यंत पोहोचते. आवळणे असते ते अंतिम क्षणापुरते. आघात तर्जनी व मध्यमा ह्यांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांनी करावयाचा, कारण ते प्रकोष्ठाच्या रेषेत येतात. करंगळीच्या बाजूने आघात झाल्यास तळहाताचे हाड मोडते, हे मुष्टियुद्धाच्या अनुभवानेही सिद्ध आहे.

मार्सेल मॉस ह्यांनी १९३४ च्या आपल्या व्याख्यानात चालणे, पोहणे, बसणे ह्या क्रियादेखील समाजाने शिकविलेल्या असतात, हे दाखवून दिले. कराटेच्या नवशिक्यास ह्याचा उलट बाजूने प्रत्यय येतो. अठरा वर्षांत नकळत अंगवळणी पडलेले उभे राहणे त्यास मोडावे लागते. फिट्स व पोस्नर ह्यांनी १९६७ मध्ये शारीरिक कौशल्याच्या ज्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्यांतील पहिलीवर प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते. दुसरीवर चुका हळूहळू गळतात. तिसरीवर क्रिया आपोआप घडते. पुनरावृत्ती आवश्यक आहे ती ह्याच कारणाने. मात्र पहिल्या पायरीवर असलेल्या विद्यार्थ्याची पुनरावृत्ती सावकाश व दुरुस्तीसह झाली पाहिजे. दमलेल्या अवस्थेत मारलेले पाचशे ठोसे शरीरात जी सवय रुजवितात, ती दमलेल्या ठोशाची असते. शिवाय हवेत पूर्ण वेगाने हात सोडून कोपर ताठ अडविण्याने सांध्यास इजा पोहोचते, आणि पुढच्या पायाचा गुडघा आत झुकू दिला तर त्याच्या आतील बाजूच्या बंधांवर ताण येतो. तीन वर्षांच्या कर्णधारास ह्या दोन गोष्टी मुद्दाम शिकविल्या गेल्या पाहिजेत. त्या आपोआप समजत नाहीत.

जमीन पुसण्याचाही येथेच विचार करावा. लेव्ह व वेंगर ह्यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले की, नवशिक्या कोणत्याही व्यवसायात प्रथम परिघावरची लहानसहान कामे करीत प्रवेश करतो व त्यातूनच त्यास मध्यवर्ती कामाची दृष्टी येते. अनवाणी सराव करणाऱ्यांच्या जमिनीवर खडा अगर सुटलेली फळी असणे धोक्याचे असते. ती पुसणारा तिचा कानाकोपरा ओळखू लागतो. आधी आलेल्यास ज्येष्ठांचा सराव पाहावयास मिळतो. हे काम निरर्थक नव्हे. ते निरर्थक होते ते फक्त प्रथम वर्षानेच करावयाचे ठरले म्हणजे. जेथे कर्णधारही हाती फडके घेतो, तेथे ते शिक्षण असते. अन्यत्र ती निव्वळ चाकरी होय.

हा भेद बारीक वाटेल, पण त्याची किंमत जबर आहे. जपानी क्रीडामंडळांत एक उक्ती रूढ होती: प्रथम वर्षाचा गुलाम, द्वितीय वर्षाचा सामान्य जन, तृतीय वर्षाचा सम्राट आणि चतुर्थ वर्षाचा देव. विनोद म्हणून ती सांगितली जाई. परंतु १९६५ मध्ये टोकियोतील एका विद्यापीठाच्या पर्वतभ्रमण-मंडळात 'शिकवण' म्हणून झालेल्या मारहाणीने एक नवागत मरण पावला, तेव्हा तिचे खरे स्वरूप साऱ्या देशाला दिसले. अशा छळासाठी वापरला जाणारा 'शिगोकी' हा शब्द त्या वर्षी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. १९७० मध्ये टोकियोतीलच एका विद्यापीठात, ह्या वेळी कराटेच्या गटात, प्रथम वर्षाचा विद्यार्थी ज्येष्ठांच्या मारहाणीत प्राणास मुकला. सरावात पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानण्याची रीत, किंवा उकिडवे बसून सशासारख्या उड्या मारण्याचा गुडघे झिजविणारा व्यायाम, ह्या गोष्टी वैद्यकाने चूक ठरविल्यानंतरही कित्येक वर्षे टिकून राहिल्या. त्यांच्या समर्थनार्थ नेहमी एकच शब्द पुढे केला जाई: परंपरा. ती परंपरा किती जुनी होती, हे वर आलेच आहे.

आज्ञाधारकपणा हाच विद्यापीठीय मंडळाचा स्वभाव होता, असा निष्कर्ष मात्र ह्यावरून काढू नये. त्याच मंडळांनी प्रश्नही विचारले आहेत. टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, नुसत्या कातांनी परिणामाची खात्री पटत नाही म्हणून, अंगावर चिलखत चढवून प्रत्यक्ष झुंजीचे प्रयोग आरंभिले. फुनाकोशींना ते मुळीच रुचले नाही व अखेर त्यांनी तेथील अध्यापन सोडले. त्याच विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ओकिनावास जाऊन मूळ आचार्यांकडे चौकशी केली आणि १९३० मध्ये कातांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखकास विद्यापीठाने ह्या विद्येस दिलेली सर्वांत मोलाची देणगी हीच वाटते. पट्टे व चषक त्यामानाने किरकोळ होत. पुढे सामन्यांचे युग आले, १९५७ मध्ये टोकियोत पहिल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते प्रत्यक्षात २०२१ साली भरले) काता व झुंज ह्या दोन्हींना स्थान मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते राहिले नाही. हा निराळा विषय आहे.

विद्यापीठीय मंडळाचा साचा जपानबाहेरही गेला. वासेदा मंडळाचे माजी कर्णधार ओशिमा त्सुतोमु ह्यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत मंडळ स्थापिले. अमेरिकेतील विद्यापीठीय मंडळांत ते पहिले गणले जाते. तेथे नवागतांत पदवीधर संशोधक व अध्यापकही येऊ लागले, आणि वर्षावर आधारलेली ज्येष्ठता आपोआप ढिली पडली. चाळीस वर्षांचा प्राध्यापक वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून ठोसा शिकू लागला, की मान द्यावयाचा तो विद्येपुरता, हे दोघांनाही उमगते. जपानमध्येही आज विद्यापीठाच्या क्रीडासंघाचे कडक मंडळ व केवळ आवडीखातर चालणारे मोकळे मंडळ असे दोन प्रकार बहुधा शेजारी शेजारी नांदतात व नवागतास दोहोंतून निवड करता येते.

ही निवड करताना भिंतीवरील तसबिरी अथवा ढालींची संख्या पाहून फारसे काही कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत काही साध्या गोष्टी पाहाव्यात. सराव चालू असता पाणी पिण्यास मोकळीक आहे का. दुखापत झालेल्यास बाजूला बसविताना त्याचा उपहास होतो का. ज्येष्ठ मनुष्य शरीराच्या अमुक भागाचे अमुक चुकले असे सांगतो, की फक्त आणखी शंभर वेळा करावयास लावतो. आचार्य महिन्यातून कितीदा स्वतः येतात. आणि मंडळ सोडू इच्छिणाऱ्यास ते कोणत्या रीतीने सोडता येते. ह्यांतील शेवटचा प्रश्न नवागत सहसा विचारीत नाहीत, कारण आरंभीच तो विचारणे त्यांना असभ्यपणाचे वाटते. प्राध्यापक-सल्लागार नेमलेल्या प्रत्येक मंडळाने त्याचे उत्तर प्रवेशपत्राच्या मागील बाजूस छापून द्यावे.